तेरच्या मण्यांचं माहेर कोणतं?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलेली माणसं गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतात, त्रिविक्रमाचं विटांचं प्राचीन देऊळ पाहतात आणि वेळ असेल तर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात जातात. संग्रहालयात सगळ्यात नावाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंताची लहानशी स्त्रीमूर्ती. तशीच एक मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईमध्ये, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात, १९३८ साली सापडली. त्यामुळे तेर आणि रोम ही जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे.

या प्रसिद्ध मूर्तीमुळे तेरच्या मातीतून निघालेल्या दुसऱ्या एका वस्तूकडे आपलं लक्ष कमी जातं. ती म्हणजे काचेचे मणी. प्राचीन वस्तीच्या ठिकाणी मिळणारे हे मणी पुष्कळदा ज्वारीच्या दाण्याएवढे असतात. निळे, हिरवे, तांबडे, काळे. ‘रोमशी व्यापार होता, म्हणजे काचही रोमचीच असणार’ असं त्यांच्याबद्दल सहज बोललं जातं. हे खरं आहे का, हे ठरवायला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा रसायनशास्त्राची प्रयोगशाळा अधिक उपयोगी पडते.

तेर हे साधं गाव नव्हतं. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासमार्गदर्शिकेत दख्खनच्या दोन बाजारपेठांची नावं आहेत. एक पैठण आणि दुसरी त्याच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेली ‘तगर’, एक फार मोठी नगरी. तगरहून साधं कापड, तलम मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, अवघड वाटांनी भडोचच्या बंदरात जाई. हे तगर नेमकं कुठलं, यावर बराच काळ वाद होता. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजे तेरणेकाठचं तेर, असं दाखवून दिलं. पुढे १९५८ मध्ये चापेकर यांनी इथे उत्खनन केलं आणि सातवाहनकालीन नगराचे थर उजेडात आणले. त्यानंतरही तेरमध्ये वेळोवेळी उत्खननं झाली.

वाळू, खार आणि भट्टी

काचेचं मूळ कुठलं हे रसायनावरून कसं कळतं, ते समजून घ्यायला आधी काच कशी बनते ते पाहू.

काच म्हणजे मुख्यतः वितळलेली वाळू, अर्थात सिलिका. पण शुद्ध सिलिका वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. प्राचीन भट्ट्यांना हे जमणारं नव्हतं. त्यावर कारागिरांनी तोड काढली ती खाराची. वाळूत सोड्यासारखा क्षार मिसळला, की ती बऱ्याच कमी तापमानाला वितळते. आपण पापडात घालतो तो पापडखार याच कुळातला. नुसत्या सोड्याची काच मात्र पाण्याने झिजते. ती टिकाऊ व्हायला थोडा चुना लागतो. तो कधी वाळूतल्या शिंपल्यांच्या चुऱ्यातून, कधी राखेतून आपसूक येतो.

वाळू, खार, चुना. जगभर कृती हीच, पण सामान जिथलं तिथलं. रोमन साम्राज्यात खार यायचा तो इजिप्तच्या वादी नत्रून या कोरड्या खोऱ्यातल्या सरोवरांतून. त्या खनिज खाराला नेट्रॉन म्हणतात. तो बराच शुद्ध असतो. त्यामुळे रोमन काचेत पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची ऑक्साइडं प्रत्येकी दीड टक्क्याच्या आत राहतात. इराण आणि मेसोपोटेमियात खारट जमिनीवर वाढणाऱ्या झुडपांची राख वापरत. राखेत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात, म्हणून तिथल्या काचेत त्यांचं प्रमाण सहसा दीड टक्क्याच्या वर जातं.

भारतात तिसरीच वाट होती. उत्तर भारतात उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा खार फुलून येतो, त्याला ‘रेह’ म्हणतात. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चोपण, खारवट जमिनीवरचा असा पांढरा थर ओळखीचा आहे. हा खार खरवडून घेताना त्याच्याबरोबर मातीही येते. त्यात ग्रॅनाइटच्या झिजेतून तयार झालेली, फेल्डस्पार या खनिजाने भरलेली वाळू मिसळली, की काचेत ॲल्युमिना वाढतं. रोमन काचेत ॲल्युमिना साधारण २ ते ३ टक्के असतं. अशा भारतीय काचेत ते ५ टक्क्यांच्या वर, कधी १० टक्क्यांपर्यंत जातं आणि चुना मात्र रोमन काचेपेक्षा कमी असतो.

उत्तर प्रदेशात जलेसरसारख्या ठिकाणी रेह वापरून काच करण्याची ही जुनी पद्धत विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. त्यामुळे अभ्यासकांना प्राचीन काचेच्या जोडीने जित्या कारागिरांची काचही तपासता आली.

न फोडता परीक्षा

तेरच्याच गोरोबाकाकांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संतमंडळी जमली असताना कोणतं मडकं पक्कं नि कोणतं कच्चं, हे पाहायला त्यांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकलं. कुंभार मडकं फोडून बघत नाही, वाजवून बघतो. काचेच्या अभ्यासकालाही नेमकं हेच हवं असतं.

जुन्या काळी ते शक्य नव्हतं. रासायनिक पृथक्करण करायचं तर काचेचा तुकडा कुटून आम्लात विरघळवावा लागे. फुटक्या बांगडीचं हे करता येतं. अखंड मण्याचं किंवा भांड्याचं करायला कोणताही संग्रहालयप्रमुख तयार होणार नाही. म्हणून कित्येक दशकं काचेचं मूळ रंग, आकार आणि अंदाज यांवरच ठरत राहिलं.

आता दोन मार्ग आहेत. पहिला क्ष-किरण प्रतिदीप्तीचा, म्हणजे ‘एक्सआरएफ’चा. वस्तूवर क्ष-किरण सोडले, की तिच्यातलं प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकतं. ते मोजले की आत काय आहे आणि किती आहे हे कळतं. वस्तूला ओरखडाही उठत नाही. हातात धरता येईल एवढी यंत्रंही मिळतात, म्हणजे वस्तू प्रयोगशाळेत न नेता यंत्रच संग्रहालयात नेता येतं.

या पद्धतीची एक अडचण आहे. ती मुख्यतः पृष्ठभाग वाचते. शेकडो वर्षं ओल्या मातीत पडलेल्या काचेच्या पृष्ठभागातून सोडा पाण्याबरोबर निघून जातो. जुन्या काचेवर इंद्रधनुष्यासारखा चमकणारा पापुद्रा दिसतो, तो याचीच खूण. शिवाय सोडियमसारखं हलकं मूलद्रव्य हातातल्या यंत्राला नीट दिसत नाही. म्हणजे वरवरच्या तपासणीत खाराचा हिशेबच चुकू शकतो.

दुसरा मार्ग लेसरचा. लेसरच्या झोताने काचेतला अतिसूक्ष्म कण उडवायचा, त्याची वाफ वस्तुमान-वर्णपटमापकात न्यायची आणि पन्नासएक मूलद्रव्यं एका दमात मोजायची. मागे राहणारा खड्डा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. झिजलेल्या थराच्या खाली जाऊन मूळ काच वाचता येते. काही मूलद्रव्यं तर दहा लाख भागांत एक भाग किंवा त्याहूनही कमी असली, तरी सापडतात. ही सूक्ष्म मूलद्रव्यं कारागिराने मुद्दाम घातलेली नसतात. ती वाळूबरोबर आलेली असतात आणि वाळू कोणत्या प्रदेशातली, हे त्यांवरून ओळखता येतं.

थडग्यातली दोन भांडी

या तपासणीने काय साधतं, याचं चांगलं उदाहरण जपानमध्ये आहे. नारा प्रांतातल्या काशिहारा इथे निइझावा नावाचा प्राचीन थडग्यांचा समूह आहे. त्यातल्या पाचव्या शतकातल्या १२६ क्रमांकाच्या थडग्यात, १९६३ च्या उत्खननात, काचेची दोन भांडी मिळाली. एक गडद निळी थाळी आणि एक गोल नक्षी कोरलेला वाडगा. दोन्ही एकाच माणसाबरोबर पुरलेली. साहजिकच दोन्ही एकाच दिशेने आली असतील असं वाटावं.

२०१४ मध्ये क्ष-किरण तपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा दोघांची घराणी वेगळी निघाली. निळी थाळी नेट्रॉनची, म्हणजे रोमन जगातली. वाडगा वनस्पतींच्या राखेचा, इराणच्या सासानी साम्राज्यातल्या काचेशी जुळणारा. एका थडग्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन भांड्यांमागे दोन साम्राज्यं होती.

थडग्यातल्या वस्तूचा मोठा फायदा असा, की ती बंद कुपीत राहते. कोणत्या काळात, कशाबरोबर, कोणाजवळ ठेवली, हे सगळं एकत्र मिळतं. आपल्याकडे नागपूर परिसरात माहुरझरी, नायकुंड, जुनापाणी इथली शिळावर्तुळं म्हणजे अशाच महापाषाणयुगीन दफनभूमी आहेत. तेर मात्र माणसांच्या राबत्या वस्तीचं ठिकाण. तिथे मणी तुटून पडले, केरात गेले, घराच्या जमिनीत दबले. त्यांना थडग्याचं संरक्षण नाही. तिथे काळ सांगायचं काम मातीचे थर करतात. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा प्रश्न त्याच्याशी येऊन भिडतो.

चौलहून केनियाला

महाराष्ट्रातल्या काचेबाबत या तपासण्यांतून काय कळलं आहे? यातलं एक ठळक काम रायगड जिल्ह्यातल्या चौलचं आहे. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी चौलचा पुरातत्त्वीय अभ्यास केला. तिथल्या काचेच्या मण्यांची आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनियात सापडलेल्या मण्यांची रासायनिक तुलना करणारा शोधनिबंध गोगटे, लोर द्यूसुबिये आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्हीकडे भरपूर ॲल्युमिना असलेली सोडा-काच मिळाली. त्यातही युरेनियम जास्त आणि बेरियम कमी असलेला एक गट असा ओळखता आला, की चौलच्या आणि केनियाच्या मण्यांचं नातं त्यातून दिसलं. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या त्याहून जुन्या मण्यांत हे उलट असतं. तिथे युरेनियम कमी आणि बेरियम जास्त.

युरेनियमचं नाव ऐकून दचकायचं कारण नाही. ग्रॅनाइटच्या वाळूत ते निसर्गतःच अत्यल्प असतं आणि मण्यातलं प्रमाणही दहा लाख भागांत मोजण्याइतकंच असतं. पण प्रयोगशाळेला तेवढी खूण पुरते. कोकणातल्या बंदरात आणि हिंदी महासागरापलीकडच्या गावात एकाच जातीची काच होती, हे एकाही कागदपत्राशिवाय कळलं.

म्हणजे ‘सुंदर काच ती परदेशी’ हा आपला ग्रह सोडून द्यायला हवा. भारतात काच बनत होती, ओढली जात होती आणि बाहेर जात होती. रोमन लेखक प्लिनी याने तर भारतीय काच सर्वोत्तम असते, कारण ती स्फटिकाच्या तुकड्यांपासून बनते, असं लिहून ठेवलं आहे. त्यातल्या स्तुतीला हरकत नाही, पण कारण पटत नाही. स्फटिक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तपासलेल्या भारतीय काचेचा मोठा भाग मात्र ॲल्युमिनाने भरलेल्या साध्या वाळूचा निघतो.

काच एकीकडची, मणी दुसरीकडचा

इथे एक गुंता आहे. ‘पेरिप्लस’मध्ये भडोचला बाहेरून येणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात मद्य, तांबं, कथील, शिसं, पोवळं यांच्याबरोबर कच्ची काचही आहे. कच्ची काच म्हणजे भट्टीतून निघालेले ओबडधोबड गोळे. ते विकत घ्यायचे, पुन्हा तापवायचे आणि आपल्याला हवी ती वस्तू करायची.

म्हणजे समजा, तेरचा एखादा मणी नेट्रॉनच्या काचेचा निघाला. त्याचा अर्थ तो मणी रोममध्ये घडला असा होत नाही. काचेचा गोळा भूमध्य समुद्राकडून भडोचला उतरला असेल आणि मणी दख्खनच्या कारागिराने केला असेल. काचेचं माहेर एक आणि मण्याचं दुसरं. रसायन पहिलं सांगतं. दुसरं सांगायला मण्याची घडण पाहावी लागते.

ती साध्या भिंगातूनही पाहता येते. भारतीय पद्धतीत काचेची लांब पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे करत. अशा मण्यात हवेचे बुडबुडे भोकाला समांतर, लांबट ताणलेले दिसतात. सळईवर काच गुंडाळून केलेल्या मण्यात हेच बुडबुडे नि रेषा भोकाभोवती फिरतात. नळी ओढण्याचं हे काम पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूत प्राचीन काळी चाले. आंध्रातल्या पापानायडुपेट या गावात ते विसाव्या शतकातही चालू होतं.

‘भारतीय’ म्हणूनही प्रश्न मिटत नाही. तेर बेसाल्टच्या, काळ्या दगडाच्या मुलखात आहे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतं आणि लोह भरपूर असतं. तेरणेकाठची माती भट्टीत घालून चांगली काच होणं अवघड. त्यामुळे तेरला मणी घडत असले, तरी त्यांची काच ग्रॅनाइटच्या प्रदेशातून, दूरवरून आली असणं अधिक संभवतं.

रंगही बोलतात. निळ्यासाठी कोबाल्ट किंवा तांबं, जांभळ्यासाठी मँगनीज, अपारदर्शक तांबड्यासाठी पुन्हा तांबं. पिवळ्यात तर फरक स्पष्ट आहे. रोमन कारागीर सुरुवातीच्या शतकांत शिशाबरोबर अँटिमनी वापरत, भारतीय कारागीर शिशाबरोबर कथील. खार, वाळू, रंग आणि घडण असे चार पुरावे एका दिशेने जात असतील, तरच मण्याचं मूळ ठामपणे सांगता येतं. आणि कारागिराने फुटक्या बांगड्या नि जुने तुकडे एकत्र वितळवले असतील, तर दोन गावांची काच एकाच मण्यात मिसळते. अशा वेळी आकडे मधलेच कुठलेतरी येतात आणि अभ्यासकाला थांबावं लागतं.

नोंद नसेल तर

मो. गं. दीक्षित यांनी भारतीय काचेच्या इतिहासावरचं आपलं पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा लेसरची ही सोय नव्हती. आज ती आहे. भारतातही या विषयाला वाहून घेतलेले अभ्यासक आहेत. डेक्कन कॉलेजमध्ये आणि नंतर गांधीनगरच्या आयआयटीत काम केलेले आलोककुमार कानुनगो यांनी उत्तर प्रदेशातल्या कोपिया इथे काच बनवण्याच्या प्राचीन केंद्राचं उत्खनन केलं आहे. यंत्र आहे, माणसं आहेत. मग उरतं काय? उरते ती मण्याची जन्मनोंद, म्हणजे तो कुठल्या थरातून निघाला याची नोंद.

प्रयोगशाळा काचेचं कूळ सांगते, वय सांगत नाही. एकाच जातीची काच कित्येक शतकं बनत राहते. तो मणी सातवाहनांच्या काळात तेरमध्ये आला की हजार वर्षांनी, हे फक्त मातीचा थर सांगू शकतो. मण्याशेजारी कोणतं खापर होतं, कोणतं नाणं होतं, भट्टीची राख होती की घराची जमीन, यावर सगळं अवलंबून आहे. मण्यांबरोबर काचेची मळी, अर्धवट ओढलेल्या नळ्या, वाकडे फसलेले मणी मिळाले तर तिथे कारखाना होता. नुसते तयार मणी मिळाले तर बाजार किंवा घर. हा फरक एकेका सुट्या मण्यावरून कधीच कळत नाही.

आणि नेमकं हेच सगळ्यात लवकर नष्ट होतं. जुन्या गावठाणाची पांढरी माती घराच्या धाब्यावर टाकायला, भिंती लिंपायला, शेतात घालायला महाराष्ट्रात ठिकठिकाणी पिढ्यान् पिढ्या उकरून नेली गेली. आता तर जेसीबी आहे. पांढरीचं टेकाड एका दिवसात सपाट होतं. पावसाने उघडे पडलेले मणी मुलं वेचतात, कोणी हौसेने बाटलीत साठवतो, कोणी विकतो. रामलिंगप्पा लामतुरे यांच्यासारख्या एका माणसाने गावातल्या वस्तू आयुष्यभर जपल्या, म्हणून तेरजवळ आज हजारो वस्तूंचा संग्रह आहे. तसा माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही.

कायदा याबाबतीत जुना आणि स्पष्ट आहे. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. पण कायद्याच्या आधी शेतकऱ्याला आणि शाळेतल्या मुलांना करता येईल अशी सोपी गोष्ट आहे. मणी, खापर, नाणं दिसलं तर उचलण्याआधी मोबाइलवर जागेसकट फोटो काढावा. त्यात आजूबाजूची माती दिसू द्यावी. गट क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी. वस्तू धुऊ नये, घासू नये, तेल लावून चमकवू नये. झिजलेला पापुद्रा हाही पुरावाच असतो. मग संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावं.

काळी पोत असो की मंगळसूत्र, काचेचे मणी आजही आपल्या घरात आहेत. त्यांची काच कुठून आली हे विचारायचं आपल्याला सुचत नाही, कारण दुकानाची पावती जवळ असते. तेरच्या मण्याची पावती म्हणजे तो ज्या मातीत पडला होता ती माती. मण्यातला खार आणि वाळू उद्या, परवा, पन्नास वर्षांनीही मोजता येतील. उकरून नेलेली माती मात्र परत रचता येणार नाही.